विम्याने बाद केलेली गाडी वऱ्हाडच्या बाजारात

सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे हाती येतात, कापसाचे त्यानंतर. अमरावती आणि अकोल्याच्या कार बाजारांत चौकशीला जोर येतो तो याच महिन्यांत. तीन-चार लाखांत सगळे घर बसेल अशी गाडी हवी असते. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘गाडी ठोकेल त नाही न भाऊ?’ उत्तरही ठरलेले, ‘कागद एकदम क्लिअर हायेत.’ प्रश्न गाडीच्या अंगाविषयी आहे, उत्तर कागदांविषयी. आजच्या व्यवस्थेत ते उत्तर पूर्ण खरे असूनही तीच गाडी दोन वर्षांपूर्वी विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ म्हणून बाद केलेली असू शकते, कारण ही गोष्ट नोंदायला आपल्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, रकानाच नाही.

अशा गाड्यांनी पुन्हा रस्त्यावर यावे का, आल्या तर कोणत्या अटीवर, आणि त्यांचा पूर्वेतिहास कोणी कोणाला सांगायचा, हा वाद विमा, पोलीस, परिवहन खाते आणि ग्राहक यांच्यात वेगवेगळ्या पातळ्यांवर चालू आहे. त्याचे धागे एकत्र करून तो आज कुठवर आला आहे, हे येथे पाहायचे आहे.

टोटल लॉस कशाला म्हणतात

हा शब्द ऐकला की चेंदामेंदा झालेली गाडी डोळ्यांपुढे येते. विम्याच्या भाषेत मात्र तो पैशाचा हिशेब आहे. पॉलिसीवर गाडीची एक किंमत छापलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. ती काढण्याची रीत २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफने घालून दिली. गाडी सहा महिन्यांपर्यंतची असेल तर नव्या किमतीतून ५ टक्के घट, वर्षाच्या आतली असेल तर १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. अपघातानंतर गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की ती ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ धरली जाते.

समजा, सहा वर्षांच्या छोट्या गाडीची आयडीव्ही अडीच लाख आहे. तिची मर्यादा झाली १ लाख ८७ हजार ५००. समोरून ठोकर बसली आणि दोन्ही एअरबॅग उघडल्या. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एअरबॅगची जोडी, त्यांचे कंट्रोल युनिट, सीटबेल्ट, डॅशबोर्ड, रेडिएटर, बॉनेट, हेडलाइट आणि मजुरी धरली तर एस्टिमेट दोन लाखांच्या पुढे सहज जाते. गाडी टोटल लॉस ठरली. हीच ठोकर नऊ लाख आयडीव्ही असलेल्या नव्या गाडीला बसली असती, तर ती दुरुस्त होऊन घरी आली असती आणि पुढे विकताना ‘किरकोळ काम झालेली’ म्हणून गेली असती. उलट, महागड्या गाडीच्या सांगाड्याचा खांब वाकला तरी खर्च मर्यादेत बसतो, म्हणून तिच्यावर टोटल लॉसचा शिक्का कधी पडतच नाही. नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि पुढच्या दोन्ही एअरबॅग २०२१ अखेरपासून सक्तीच्या झाल्या. माणसांचे जीव वाचवणारी ही चांगली तरतूद आहे. तिचा एक परिणाम असाही, की या गाड्या जुन्या होत जातील तसे मध्यम अपघातातही त्यांचे खर्च मर्यादा ओलांडत जातील.

पुरात बुडालेली गाडीही याच नावाखाली येते. दावा मंजूर झाल्यावर सापडलेली चोरीची गाडीही. तिला कदाचित ओरखडाही नसतो. म्हणजे एकाच शब्दाखाली मोडलेली, भिजलेली आणि धडधाकट अशा तिन्ही गाड्या आहेत, आणि पुढच्या वादातला बराच गोंधळ इथूनच सुरू होतो.

बाद गाडी परत कशी येते

मोठ्या रकमेच्या दाव्यात परवानाधारक सर्व्हेअर गाडी पाहतो, एस्टिमेट तपासतो आणि मोडक्या गाडीला भंगार म्हणून किती किंमत येईल याचे भाव मागवतो. त्या भावात एक भेद असतो, जो बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतो. ‘आरसीसकट’ आणि ‘आरसीशिवाय’ असे दोन भाव येतात. पहिला नेहमी चढा असतो. नुसत्या लोखंडाची, इंजिनाची आणि सुट्या भागांची किंमत दोन्हींत सारखीच. वरचे पैसे मोजले जातात ते जिवंत नोंदणीसाठी.

त्यानंतर दोन वाटा आहेत. एक तर कंपनी पूर्ण रक्कम देते आणि गाडी आपल्या ताब्यात घेऊन लिलावात काढते. किंवा भंगाराची किंमत वजा करून उरलेली रक्कम मालकाला देते आणि गाडी त्याच्याकडेच राहते, मग तोच ती विकतो. पहिल्या वाटेत मालकाकडून आरसी, चाव्या आणि सही केलेले २८, २९, ३० नंबरचे, म्हणजे ना-हरकत आणि मालकी बदलण्याचे, फॉर्म घेतले जातात. घेणाऱ्याचे नाव तेव्हा ठरलेले नसते, म्हणून ती जागा कोरी असते. लिलाव आता ऑनलाइन होतो. पुण्याची गाडी नागपूरचा व्यापारी घेतो, अकोल्याची इंदूरचा. पुढे ती डेंटिंग-पेंटिंगला जाते, जुन्या बाजारातून दरवाजे-बॉनेट येतात, आणि चार-सहा महिन्यांनी ती तिसऱ्याच शहरात उभी राहते.

यात कारागिरीचा भाग मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. आपल्याकडचे डेंटर हातोडी आणि डोळ्याच्या अंदाजावर पत्रा असा बसवतात, की कंपनीच्या माणसालाही जोड सापडत नाही. कंपनीच्या वर्कशॉपचे दोन लाखांचे काम बाहेर एका लाखात होते, कारण कंपनीत भाग बदलला जातो आणि बाहेर दुरुस्त केला जातो. अडचण आहे ती डोळ्याला न दिसणाऱ्या जागी. ठोकर बसल्यावर पुढचा भाग चुरगळून जोर शोषून घेईल आणि बसायची जागा शाबूत राहील, अशा हिशेबाने गाडीचा सांगाडा रचलेला असतो. एकदा चुरगळलेला आणि तापवून, ठोकून सरळ केलेला तो भाग दुसऱ्या ठोकरीत कसा वागेल, हे कोणालाच सांगता येत नाही. एअरबॅगचे तर आणखी वाईट. नवी जोडी महाग, म्हणून काही ठिकाणी जुनी फाटलेली पिशवी काढून स्टिअरिंगचे झाकण शिवले जाते आणि डॅशबोर्डवरचा दिवा पेटू नये म्हणून वायरिंगमध्ये रेझिस्टर बसवला जातो. गाडी चालते. अपघात होईपर्यंत काहीच कळत नाही.

पुराच्या गाडीचे दुखणे उशिरा बाहेर येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून महाराष्ट्राच्या बाजारात ‘बुडालेली गाडी’ हा प्रकार ओळखीचा झाला. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण. आपल्याकडेही मोर्णा नदीचे पाणी अकोल्याच्या वस्तीत शिरलेले लोकांनी पाहिले आहे, आणि जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व महागाव तालुक्यांतली गावे पाण्याखाली होती. सीटा धुऊन वाळवता येतात. वायरिंगच्या जोडांत आणि कंट्रोल युनिटमध्ये शिरलेला गाळ महिन्यांनी गंज धरतो, आणि चालत्या गाडीचे दिवे किंवा ब्रेकची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दगा देते.

वऱ्हाडात प्रश्न टोकदार का

वऱ्हाडाचे, म्हणजे अमरावती विभागाचे, आरटीओ अमरावतीला, एमएच-२७. अकोला ३०, बुलढाणा २८, यवतमाळ २९, वाशिम ३७. या पाच जिल्ह्यांत जुन्या गाड्या स्थानिक पातळीवर फिरतात तशाच पुण्या-मुंबईहून आणि परराज्यांतूनही येतात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ ला निर्बंध घातल्यावर आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ ला ते कायम केल्यावर तिकडच्या धडधाकट डिझेल गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या. त्या ओघात चांगल्या गाड्या येतात तशाच पूर्वेतिहास पुसलेल्याही. गाडी जितकी लांबून येते, तितका तिचा जुना मालक, जुने वर्कशॉप आणि जुनी पॉलिसी गाठणे घेणाऱ्याला अवघड जाते.

दुसरे कारण रस्त्यांचे. अमरावती-अकोला हा जुना सहा नंबरचा, आताचा ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून २०२२ मध्ये याच मार्गावर लोणी ते मूर्तिजापूर दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो अमरावती, वाशिम आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जातो, आणि सपाट भागात मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. गावात चाळीसच्या वेगाने फिरणारी जोडकामाची गाडी आणि कारंज्याजवळ १२० ने धावणारी तीच गाडी, यांतला धोका सारखा नाही. रस्ते सुधारले तशी गाडीच्या सांगाड्याची परीक्षा कडक झाली, आणि ही बाब जुन्या गाडीचा सौदा करताना अजून कोणी धरत नाही.

कागदांचा धंदा

पोलिसांच्या दृष्टीने या प्रश्नाचा गाभा वेगळाच आहे. टोटल लॉस गाडी विकत घेणाऱ्याला पुष्कळदा गाडी नकोच असते, हवी असते ती आरसी आणि चेसिस नंबर. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी कुठून तरी चोरायची, तिच्यावरचा नंबर घासून किंवा तो तुकडा कापून त्या जागी मेलेल्या गाडीचा नंबर बसवायचा. मग कागद अस्सल, गाडी चोरीची. घासलेल्या धातूवर रसायन लावून मूळ नंबर पुन्हा उभा करण्याचे तंत्र न्यायवैद्यक प्रयोगशाळांकडे आहे, पण ते गुन्हा नोंदल्यानंतरचे काम. घेणाऱ्याच्या हाती सौद्याच्या वेळी फक्त डोळे असतात.

महाराष्ट्रातली दोन प्रकरणे इथे महत्त्वाची आहेत. २०१९ च्या पावसात पनवेलजवळ भिजलेल्या, न विकलेल्या चारशेहून अधिक नव्या बीएस-४ गाड्या मोडीत काढण्यासाठी म्हणून विकल्या गेल्या. त्या मोडल्याच नाहीत. चेसिस नंबर बदलून वेगवेगळ्या राज्यांत त्यांची नोंदणी झाली आणि त्या सामान्य गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या, असे फेब्रुवारी २०२१ मध्ये नवी मुंबई पोलिसांच्या तपासात पुढे आले. दीडशेच्या आसपास गाड्या जप्त झाल्या. त्या घेणारे बहुतेक आपापल्या गावचे साधे लोक होते.

दुसरे प्रकरण थेट आपल्या दारातले. एप्रिल २०२४ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी चोरीच्या अवजड वाहनांची एक टोळी पकडली. इंजिन आणि चेसिस नंबर बदललेल्या गाड्या आधी ईशान्येकडच्या राज्यांत नोंदवायच्या, तिथून ना-हरकत घ्यायची आणि मग अमरावती व नागपूरच्या आरटीओत त्यांची पुन्हा नोंदणी करायची, अशी ती पद्धत असल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. या प्रकरणात आरटीओच्या काही अधिकाऱ्यांनाही अटक झाली. ही वाहने ट्रक होती आणि त्यांचा टोटल लॉसशी थेट संबंध नव्हता. तरी परराज्यातून आलेल्या गाडीची तपासणी ही घेणाऱ्याच्या संरक्षणाची शेवटची भिंत मानली जाते, आणि तीच या प्रकरणात संशयाखाली आली.

कायदा कुठवर आला

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी परत करायची असते. दुरुस्तीपलीकडे गेलेली आणि लोकांना धोकादायक गाडी तपासून तिची नोंदणी रद्द करण्याचा अधिकारही त्या कार्यालयाला आहे. पण टोटल लॉस म्हणजे ‘कायमची निकामी’ असे कायदा म्हणत नाही. ७५ टक्क्यांचा हिशेब पॉलिसीचा, निकामीपणाचा निकष कायद्याचा. या दोहोंना जोडणारा दुवा नाही, आणि कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे, विमा कंपनीवर नाही. मालकाला त्याचे पैसे मिळालेले असतात. तो पुढे कशाला जाईल?

त्याने जायला हवे, याचे कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात आहे. गाडी हातोहात विकली गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कोऱ्या फॉर्मवर सही करून टोटल लॉस गाडी देऊन टाकणाऱ्या माणसाने हा निकाल लक्षात ठेवावा. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. प्रत्यक्षात टीटीओचे, म्हणजे मालकी बदलाचे, फॉर्म एजंटाच्या पिशवीत महिनोन्महिने पडून राहतात.

अलीकडच्या काही सुधारणा या प्रश्नाच्या कडेकडेने गेल्या. २३ सप्टेंबर २०२१ च्या स्क्रॅपिंग केंद्रांच्या नियमांनी आग, दंगल, अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीत सापडलेली गाडी मालकाच्या घोषणेवर मोडीत काढण्याची सोय केली. चेसिस नंबरचा तुकडा कापून सहा महिने जपून ठेवण्याची अटही त्यांत आहे, जी नंबराच्या चोरीवर नेमका घाव घालते. सप्टेंबर २०२२ मध्ये आधारच्या आधारे ५८ सेवा कार्यालयात न जाता मिळू लागल्या, त्यात नाव बदलणेही आले. लोकांचे हेलपाटे वाचले, एजंटांचा जोर थोडा कमी झाला. पण गाडी कोणी समोर उभी करून पाहण्याचा प्रसंगही टळला. २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने, १ एप्रिल २०२३ पासून, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी अधिकाऱ्याकडून पाच वर्षांची अधिकृतता घेण्याचा नियम आला. गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात गेल्याचे फॉर्म २९सी ने कळवले, की मधल्या काळात तोच मालक मानला जातो. जुन्या मालकाच्या डोक्यावरचे ओझे यामुळे उतरते. अपघाताचा किंवा टोटल लॉसचा इतिहास गिऱ्हाइकाला सांगण्याची सक्ती मात्र या नियमांत नाही.

फसवणूक झालीच, तर दाद कुठे मागायची? व्यापाऱ्याकडून गाडी घेतली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तिथे ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार चालते. शेजाऱ्याकडून किंवा ओळखीतून घेतली असेल तर तो मार्ग सहसा बंद असतो आणि करार कायद्याचा आधार घ्यावा लागतो. १८७२ च्या त्या कायद्यात जाणूनबुजून लपवणे ही फसवणूक आहे, पण नुसते गप्प राहणे बहुतेक वेळा नाही. गिऱ्हाइकाने विचारलेच नाही आणि विकणाऱ्याने सांगितले नाही, तर हात रिकामे राहण्याची शक्यता मोठी.

कोणाचे म्हणणे काय

गॅरेजवाले आणि छोटे व्यापारी म्हणतात, की टोटल लॉस हा कंपनीच्या वर्कशॉपच्या दरांतून आलेला आकडा आहे. गाडी वाईट आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. अशा सगळ्या गाड्या मोडीत काढल्या, तर सुटे भाग आणि जुन्या गाड्या दोन्ही महागतील, हजारो हातांचे काम जाईल आणि दोन लाखांत गाडी घेणारा माणूस पुन्हा दुचाकीवर चौघांना बसवून नेऊ लागेल. या शेवटच्या मुद्द्यात मला तथ्य वाटते. दुचाकीवरचे कुटुंब आणि दुरुस्त केलेल्या मोटारीतले कुटुंब यांत सुरक्षित कोण, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

विमा कंपन्यांची बाजू हिशेबाची आहे. भंगाराची किंमत जितकी जास्त, तितका दाव्याचा भार कमी, आणि तो भार शेवटी सगळ्यांच्या प्रीमियममधून वसूल होतो. आरसी रद्द करायला लावली तर लिलावाचा भाव पडेल. दावा मिटल्यावर गाडीचे काय होते यावर लक्ष ठेवण्याचे साधन आणि अधिकार आपल्याकडे नाहीत, असेही त्या म्हणतात. नेमकी हीच भूमिका पोलिसांना खटकते. लोखंडापेक्षा कागदाला जास्त भाव मिळतो, तोवर चोरीच्या गाड्यांना नवे नाव मिळत राहणार. म्हणून टोटल लॉस झालेल्या प्रत्येक गाडीची आरसी कंपनीनेच रद्द करून घ्यावी, हा त्यांचा आग्रह.

रस्ता सुरक्षेसाठी काम करणाऱ्यांचा भर सांगाड्यावर आहे. खर्च किती, यापेक्षा काय मोडले हे विचारा, असे ते सांगतात. आणि घेणारा? त्याचे म्हणणे सर्वांत साधे आहे. गाडी स्वस्त का आहे ते सांगा, मग घ्यायची की नाही ते मी ठरवतो.

इतरांनी काय केले

ब्रिटनमध्ये पूर्वी बाद गाड्यांची वर्गवारी दुरुस्तीच्या खर्चावर होती. १ ऑक्टोबर २०१७ पासून तिथल्या विमा कंपन्यांनी नवी पद्धत आणली. ए म्हणजे पूर्ण भंगार, बी म्हणजे सुटे भाग काढून सांगाडा चिरडायचा, एस म्हणजे सांगाड्याला इजा पण दुरुस्त होण्याजोगी, एन म्हणजे सांगाडा शाबूत. एस आणि एन रस्त्यावर येऊ शकतात, पण शिक्का कायम राहतो आणि घेणाऱ्याला तो पाहता येतो. आपल्याकडचा ७५ टक्क्यांचा नियम ज्या जागी आहे, तिथून ते पुढे सरकले, असे म्हणायला हरकत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने याहून कडक मार्ग धरला. जानेवारी २०११ अखेरपासून तिथे बाद झालेल्या हलक्या गाड्यांची पुन्हा नोंदणी, मोजके अपवाद सोडता, बंद झाली. अमेरिकेत बाद गाडीच्या मालकीपत्रावरच तसा शेरा येतो, आणि १९९२ च्या कायद्यातून उभी राहिलेली राष्ट्रीय माहितीप्रणाली २००९ पासून ग्राहकांना खुली आहे. तरी राज्याराज्यांचे नियम वेगळे असल्याने एका राज्यातला शेरा दुसऱ्या राज्यात धुऊन निघतो. २००५ च्या कतरिना वादळात बुडालेल्या गाड्या अशाच दूरदूर पोहोचल्या. भारतासारख्या संघराज्याला हा धडा जवळचा आहे. फरक इतकाच की आपल्याकडे ‘वाहन’ ही एकच राष्ट्रीय नोंदवही आधीपासून आहे.

काय सुटलेले नाही

खरा पेच तंत्राचा नाही. गाडीचा विमा चालू आहे की नाही, हे आज कोणीही एमपरिवहन ॲपवर पाहू शकतो, म्हणजे विमा कंपन्यांकडून सरकारी नोंदवहीकडे माहिती वाहते आहे. २००९ पासून विमा क्षेत्राचे स्वतःचे माहिती केंद्रही आहे. त्याच वाटेने ‘टोटल लॉस, अमुक तारीख’ एवढी ओळ पाठवता येईल. ती पाठवायची की नाही, आणि पाठवली तर लोकांना दाखवायची की फक्त पोलिसांना, यावर एकमत नाही.

दाखवली तरी प्रश्न उरतात. ओरखडाही नसलेल्या, चोरीतून सापडलेल्या गाडीवर तोच शिक्का बसला तर तिच्या मालकाचे विनाकारण नुकसान होईल. म्हणून वर्गवारी हवी. वर्गवारी कोण करणार? सर्व्हेअर रक्कम ठरवायला नेमलेला असतो, सांगाडा तपासायला नाही. खासगी मोटारीला पंधरा वर्षे होईपर्यंत फिटनेस तपासणीच नाही, त्यामुळे मोठ्या दुरुस्तीनंतर ‘ही रस्त्यावर यायला योग्य’ असे सांगणारी स्वतंत्र यंत्रणा कुठे उभी करायची, हेही ठरलेले नाही.

सगळ्यांत मोठी फट वेगळीच आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक. गाडी जुनी झाली की लोक तो सोडून देतात. अशा गाडीचा कितीही मोठा अपघात झाला तरी तिचा दावाच होत नाही, सर्व्हेअर येत नाही, म्हणून ती कधी टोटल लॉसही होत नाही. ती थेट गॅरेजात जाते आणि थेट बाजारात येते. उद्या सर्वांत उत्तम नोंदवही झाली, तरी या गाड्या तिच्यात नसतील. विमा उतरवणाऱ्या माणसाच्याच गाडीवर शिक्का बसेल आणि न उतरवणाऱ्याची गाडी निष्कलंक दिसेल, हा अन्याय कसा टाळायचा, याला कोणाकडेच समाधानकारक उत्तर नाही.

आणि एक माणूस या सगळ्या चर्चेत मागे राहतो. ज्याने कर्ज काढून गाडी घेतली आणि नंतर कळले की चेसिस नंबर बनावट आहे, त्याची गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत राहते आणि बँकेचा हप्ता चालू राहतो. चोरीचा माल मूळ मालकाकडे किंवा त्याला पैसे देणाऱ्या विमा कंपनीकडे जातो. या निर्दोष खरेदीदारासाठी भरपाईची सरकारी सोय कुठेच नाही. सरकारी नोंदणीवर विश्वास ठेवून त्याने व्यवहार केला होता, म्हणून ती असायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

सगळ्या बाजू पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की बाद गाडी दुरुस्त होऊन परत येणे हा मुख्य दोष नाही. सांगाडा न मोडलेल्या गाड्या येऊ द्याव्यात, मोडलेल्यांची आरसी रद्द व्हावी, आणि दोन्ही बाबतींत इतिहास गाडीबरोबर राहावा. तो पुसून विकला जातो, तिथे अन्याय सुरू होतो.

तोवर घेणाऱ्याने काय करावे

नियम बदलेपर्यंत काही खुणा मदतीला येतात. मागच्या तीन वर्षांच्या पॉलिसी मागून घ्या आणि त्यांवरचा नो क्लेम बोनस पाहा. दावा न झालेल्या गाडीचा तो २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. तो मध्येच शून्यावर आला असेल तर का, हे विचारा. विमा ९० दिवसांहून जास्त खंडित झाला तरी तो जातो, पण खंड का पडला हाही प्रश्नच आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबरावरून जुना हिशेब निघतो. मोठे एस्टिमेट आहे आणि त्यापुढे बिलच नाही, तर गाडी तिथून बाहेर दुसरीकडे गेली होती. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. तो पेटतच नसेल, तर सावध व्हा. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या पट्टीवरची तारीख आणि काचांवरचे वर्ष गाडीच्या वर्षाशी ताडून पाहा. गालिचा उचलून खाली गाळ आणि गंज पाहा. चेसिस नंबर स्वतः पाहा, भोवतीचा पत्रा आणि रंग न्याहाळा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवरून गाडी चोरीची नसल्याची ना-हरकत मिळते, तीही काढा. ओळखीचा मिस्त्री सोबत न्या आणि त्याला त्याची मजुरी द्या, म्हणजे तो तुमच्या बाजूने बोलेल.

आणि टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडून एक ओळ लिहून घ्या, ‘ही गाडी माझ्या माहितीप्रमाणे कधीही टोटल लॉस झालेली किंवा पुरात बुडालेली नाही,’ खाली सही आणि तारीख. तुम्ही विचारल्याचा आणि त्याने सांगितल्याचा तोच पुरावा उद्या आयोगापुढे किंवा न्यायालयात चालेल. तो लिहून द्यायला तयार नसेल, तर कागद कितीही क्लिअर असले तरी ती गाडी घेऊ नका.